धंदा तोच, गुन्हा नवा

मारुती संजीवनीचा पहाड घेऊन चालला असताना त्याचा एक तुकडा करंज्याजवळ पडला आणि तोच हा द्रोणागिरी, अशी उरणकडची जुनी कथा आहे. आज डोंगराच्या नावाने सिडकोचा नोड उभा आहे. टॉवर आहेत, कंटेनर यार्ड आहेत, आणि फ्लॅटच्या जाहिरातींत डोंगराआधी अटल सेतू येतो. या डोंगराच्या आसपास गेल्या दीडशे वर्षांत एकच प्रकार पुन्हा पुन्हा घडला. माणसे बापजाद्यांचा धंदा करत राहिली आणि तो धंदा कायदेशीर की बेकायदा, हे दूर कुठेतरी कागदावर ठरत गेले.

मिठापासूनच सुरुवात करू. पावसाळा सरला की आगरी कुटुंबे मिठागरात उतरत. तळाचा चिखल पायांनी तुडवून घट्ट करायचा, उधाणाचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत आटवायचे, आणि उन्हाने पांढरी साय धरली की लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून काठावर रास घालायची. खारे पाणी आणि खडे यांनी तळपायांची सालटी निघत. यात चोरण्यासारखे काय आहे? पण इंग्रजी अमलात मिठावर कर बसला, आगरांवर पहारे बसले आणि कर न भरता मूठभर मीठ घरी नेणे गुन्हा झाले. गांधीजींनी 1930 मध्ये मिठाचाच विषय का धरला, हे उरणच्या आगऱ्याला समजावून सांगावे लागले नसेल.

दारूची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. उरण ज्यावर वसले आहे ते करंजा बेट इंग्रजांनी 1774 मध्ये घेतले आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम राहिले. एकोणिसाव्या शतकात उरण भट्ट्यांसाठी नावाजलेले होते. मालक बहुतेक पारशी, मोहफुले गुजरातेतून आलेली आणि गिऱ्हाईक मुंबईचे. हा मोठा, परवान्याचा, सरकारला महसूल देणारा धंदा. त्याच्याच बाजूला ताडामाडावर चढणारा भंडारी होता आणि चैत्रात पहाटे मोहाखाली पडलेली फुले वेचणारा कातकरी-ठाकर होता. 1878 च्या अबकारी कायद्याने छेदल्या जाणाऱ्या झाडामागे कर लावला. 1892 मध्ये तर खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचाच कायदा झाला. फुले गोळा करणे, बाळगणे, विकणे यांवर बंधने आली. कारण उघड होते. घरोघरी दारू गाळली गेली, तर भट्टीच्या ठेक्याला भाव कोण देणार? सरकारला दारू नको होती असे नव्हे, फुकटची दारू नको होती.

कातकऱ्याचे तर दोन्हीकडून गेले. खैराचा कात काढणे हा त्याचा मूळ धंदा, तो जंगल राखीव झाल्यावर आटला. मग उरले काय, तर कोळसा पाडणे आणि सावकाराची उचल.

जंगलाचा हा राग 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरला फुटला. उरण तेव्हा पनवेल तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता. भाताला शेत भाजायला राब लागतो, चुलीला सरपण लागते, गुरांना चारा लागतो, आणि हे सगळे ज्या अक्कादेवीच्या डोंगरावरून यायचे तिथे गार्डाचा हुकूम चालू लागला होता. त्या दिवशी आसपासच्या गावांतून कोयते-कुऱ्हाडी घेऊन लोक जंगल तोडायला निघाले. आगरी, कोळी, कातकरी अशा सगळ्यांचा जमाव होता. पोलिसांनी गोळीबार केला. चिरनेर, खोपटे, दिघोडे अशा गावांचे आठ सत्याग्रही त्यात गेले. बंदोबस्तासाठी आलेले मामलेदार जोशीही त्याच गोळीबारात ठार झाले. चिरनेरला दरवर्षी 25 सप्टेंबरला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. भाषणे स्वातंत्र्यावर होतात, ती व्हावीतच. पण त्या माणसांच्या हातात कुऱ्हाड होती आणि भांडण राबाचे, सरपणाचे होते, हेही कोणी तरी माइकवरून सांगायला हवे.

स्वातंत्र्य आले. मिठावरचा कर गेला. मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्याने गाळणाऱ्याला पुन्हा गुन्हेगार केले आणि खाडीच्या तिवरांत हातभट्ट्या पेटल्या. एकाला बंदी, दुसऱ्याला परवाना, हा जुना खेळ पुढेही सुरूच राहिला.

मग जमीन गेली. 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी निघाल्या. त्यापाठोपाठ न्हावा-शेवा बंदर. शेतकऱ्यांचे म्हणणे साधे होते. भाव द्या आणि पुढची पिढी काय करणार ते सांगा. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी मेले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील जासईचेच. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे सूत्र निघाले. देशात भूसंपादनाच्या चर्चेत त्याचा दाखला आजही दिला जातो, आणि ते योग्यच. पण भूखंड म्हणजे धंदा नव्हे. कितीतरी घरांत तो विकून गाडी आली, बंगला आला, लग्न थाटात झाले आणि मुलगा कंटेनर यार्डात कंत्राटी कामाला लागला.

जुन्या धंद्याच्या जागी नवा उभा करून देणे अशक्य नसते. थायलंडच्या डोई तुंग डोंगरात 1988 पासून अफूच्या जागी कॉफी आणि मॅकाडेमियाची झाडे लावली गेली. तिथे झाडांबरोबर भाजणी, विक्री, शाळा, दवाखाना यांचीही सोय झाली, म्हणून लोक पुन्हा अफूकडे वळले नाहीत. इतके लांबही जायला नको. नक्षलवादाने पोळलेल्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले. बांबू तोच, तोडणारे हात तेच. कालपर्यंत चोरी होती, आज गावाचे उत्पन्न झाले, ग्रामसभेच्या खात्यात पैसे जमा होऊ लागले. चिरनेरच्या माणसांना 1930 मध्ये याहून वेगळे काही हवे होते असे वाटत नाही.

द्रोणागिरीच्या पायथ्याला असे पुस्तक कोणी दिले नाही. इथे मिळाला तो मोबदला, आणि तोही मुख्यतः ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला. समुद्राचा सातबारा नसतो. शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठवला गेला, लोक उरणच्या हनुमान कोळीवाड्यात आले आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. भराव पडले, खाड्या बुजल्या, जाळी रिकामी येऊ लागली. पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादात गेले, आणि 27 फेब्रुवारी 2015 रोजी लवादाने चार कोळीवाड्यांतल्या 1,630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख 20 हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदर चालवणाऱ्या जेएनपीटीने 70 टक्के, ओएनजीसीने 20 आणि सिडकोने 10 टक्के भरायचे. मासेमारी हा बुडालेला व्यवसाय म्हणून मोजला गेला, हे त्या निकालाचे मोल. मिठागरात रोजंदारी करणारे मात्र लवादाच्या यादीत आले नाहीत.