तोफांच्या पहाऱ्यातले रान

युद्ध रान जाळते, असेच आपण ऐकत आलो. जर्मनीतील थुरिंजियाच्या हाइनिख अरण्याची कथा मात्र निराळी. बीच वृक्षांच्या या रानाचा मोठा भाग कित्येक वर्षे लष्कराच्या ताब्यात होता. रणगाड्यांनी काही जागा उजाड केल्या खऱ्या. परंतु पहाऱ्यामुळे आतल्या जुन्या झाडांपर्यंत कुऱ्हाड फारशी पोचली नाही. पुढे फौजा गेल्या. ३१ डिसेंबर १९९७ रोजी तेथे राष्ट्रीय उद्यान झाले; २०११ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. आता रानाच्या गाभ्यात उन्मळलेले खोडही कोणी उचलत नाही. त्यात भुंगेरे आणि बुरशी नांदतात, ढोलीत वटवाघळे राहतात, रात्री रानमांजर हिंडते. माणसाचा हात तेव्हा भीतीने आवरला होता. आज तो समजून आवरला आहे, एवढेच.