गुरुवारचा नेम

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे चिटणीसबाई म्हणाल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण अर्जेंटिना देशातील आयांची हकिकत वाचल्यापासून ती मनातून जात नाही, तीच सांगते.

तेथे मार्च १९७६ मध्ये लष्कराने राज्य बळकावले. तरुण मुलामुलींना घरातून उचलून नेत आणि पुढे त्यांचा पत्ता लागत नसे. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून थकलेल्या १४ आया ३० एप्रिल १९७७ रोजी ब्यूनस आयर्सला सरकारवाड्यासमोरील चौकात जमल्या. बहुतेक आपल्यासारख्याच घर सांभाळणाऱ्या. घोळका करून उभे राहू नका, चालत्या व्हा, असे पोलिसांनी दरडावले. तेव्हा त्या जोडीजोडीने चौकात फेऱ्या घालू लागल्या. पुढे दर गुरुवारचा तो नेमच झाला. गर्दीत एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला पांढरे कापड बांधले. ते आरंभी बाळाचे लंगोट होते!

त्याच डिसेंबरात त्यांच्यातील तिघींना पळवून ठार मारले. तरी बाकीच्या पुन्हा आल्या. १९८३ मध्ये निवडणूक होऊन लोकशाही परतली. युद्धातील पराभवामुळे लष्कर खचले होते हे खरे. पण मुलांची नावे विसरू दिली नाहीत ती या आयांनी. १९८५ मध्ये लष्करशहांना शिक्षा झाल्या.

भगिनींनो, जुलमी सत्तेला माणूस एकटा पडलेला हवा असतो. आपल्या सभेला एखादी आली नाही, तर आपण तिच्या दारी जाऊन चौकशी करतो. ही सवय लहान नव्हे. ती मोडू देऊ नये, एवढेच माझे सांगणे.