गिरणगावातील बाळंतपणाची रजा

बाळंतिणीस सव्वा महिना विश्रांती द्यावी, ही आपल्याकडील रीत कोणत्याही सरकारी कायद्याहून जुनी आहे. पहिल्या खेपेस लेकीला माहेरी आणणे, शेकशेगडी, डिंकाअळिवाचे लाडू आणि दहा दिवसांचे सोयर या व्यवस्थेत विटाळाच्या कल्पनेचा भाग मोठा होता, बाळंतिणीची खोली बहुधा अंधारी असे, आणि ती रात्र रात्र जागू लागली किंवा पोटच्या पोराकडेही पाहीनाशी झाली, तर बाहेरची बाधा समजून अंगारेधुपारे केले जात, हे सर्व खरे. तथापि त्या अवधीत चूल, जाते आणि पाणवठा यांतून तिची सुटका होई आणि कोणी जाणती बाई तिच्या उशाशी असे, हेही तितकेच खरे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातून व घाटावरून आलेल्या स्त्रिया रीळ व वाइंडिंगच्या खात्यांत कामास लागल्या, तेव्हा या रीतीचा आधार त्यांच्यापुरता डळमळला. जिला जमे ती बाळंतपणास गावी जाई. परंतु हजेरी चुकली की मजुरी बुडे, आणि परतल्यावर खात्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणीची मर्जी संपादन केल्यावाचून पूर्वीची जागा मिळण्याची शाश्वती नसे. म्हणून पुष्कळजणी दिवस भरत आले तरी खात्यात उभ्या राहत आणि अंगात पुरते बळ येण्यापूर्वीच पुन्हा कामावर रुजू होत. 1921 च्या सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरण्यांतील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली, तेव्हा आई कामावर असताना मूल निजून राहावे म्हणून त्यास अफूची बाळगोळी देण्याचा प्रघात किती सार्वत्रिक होता, हे उघड झाले. त्या गोळीवाचून मजुरी साधत नव्हती. मग तिचा दोष एकट्या आईच्या माथी मारणे न्यायाचे कसे ठरेल?

1919 साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा व प्रसूतीनंतर सहा आठवड्यांच्या रजेचा ठराव केला होता. मुंबईच्या कायदेकौन्सिलात यासंबंधीचा मसुदा 1928 साली चर्चेस आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा देताना असे प्रतिपादन केले, की प्रसूतीच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे असल्याने त्या विश्रांतीचा बराचसा भार सरकारने सोसला पाहिजे. मात्र स्त्रियांच्या श्रमापासून मालकाचाही लाभ होत असल्याने त्याने आपला वाटा उचलणे गैर नव्हे. 1929 साली कायदा झाला. हिंदुस्थानातील या प्रकारचा तो पहिलाच कायदा. त्यान्वये रजेच्या काळात रोज आठ आणे देण्याची तरतूद झाली. पण सारा बोजा मालकावर पडला. त्या दशकात गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एकपंचमांश होते; पुढे ते उतरत गेले. रात्रपाळीची बंदी आणि यंत्रांची फेररचना ही त्याची इतर कारणे होतीच. तरी जिच्या नेमणुकीबरोबर खर्च येतो तिला नेमूच नये, हा हिशेबही त्यांत होता.

1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने हा भार विमा निधीवर घालून ती चूक काही अंशी दुरुस्त केली. 1961 च्या मध्यवर्ती कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपुरती ती सव्वीस आठवडे केली. या साऱ्या वाटचालीत दिवस आणि पैसे मोजले गेले. बाळंतिणीच्या मनास लागणारी सोबत कोणत्याही कलमात नव्हती. 2017 च्याच मानसिक आरोग्य कायद्याने मात्र, उपचारासाठी मनोरुग्णालयात राहणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तोडू नये, असा दंडक घातला. मातेचे मन हा कायद्याच्या चिंतेचा विषय आहे, एवढे तरी त्याने मान्य केले.

परंतु रजेची ही सारी तरतूद नोंदलेल्या आस्थापनांपुरती आहे. कोयत्याच्या, म्हणजे नवराबायकोच्या जोडीच्या, हिशेबाने फडात राबणारी ऊसतोड मजुरीण गरोदर असो वा ओली बाळंतीण, एक दिवस चुकला की तिच्या नावे खाडा धरून दंड कापला जातो. तिला ना सव्वा महिना मिळतो, ना सव्वीस आठवडे. तिच्या मनाची विचारपूस तर दूरच. तिच्यापुरता तरी हा भार कोणा मुकादमावर वा मालकावर न सोपविता, 1928 साली मागितलेला वाटा सरकारने स्वतः उचलावा, आणि त्यात विश्रांतीच्या दिवसांबरोबर तिच्या मनाच्या शुश्रूषेचीही तरतूद करावी.