मुद्रा आणि वाणी

तासगावच्या कचेरीवर ३ सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चा चालून गेला व तेथे तिरंगा चढला. त्या काळी हा तालुका सातारा जिल्ह्यात मोडे. आज तो सांगलीत आहे. पुढे ह्याच मुलखात नाना पाटलांच्या प्रतिसरकारात जे शिरले, त्यांचा चेहरा ओळखू न येण्यातच त्यांचे व सोबत्यांचे प्राण होते.

काळाने हा न्याय उलटा फिरविला. पी. साईनाथ यांनी २०१४ साली ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह उघडला. त्यात ह्या भागातील वृद्ध क्रांतिकारकांची छायाचित्रे आली. सोबत त्यांचे बोलणेही टिपले गेले.

नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई यांचेच पाहा. छायाचित्रात दिसते ती नव्वदी ओलांडलेली कोणाही घरची आजी. त्यांचे बोलणे ऐकले म्हणजे मात्र १९४३ सालचे भवानीनगरचे पोलीस ठाणे उभे राहते: ठाण्यापुढे नवराबायकोच्या भांडणाचे सोंग, खोट्या नवऱ्याचा खरा मार, सोडवावयास धावलेले शिपाई, आणि तेवढ्यात साथीदारांनी लांबविलेल्या बंदुका. त्या माराची तक्रार म्हातारपणीही ओसरली नव्हती!

हौसाबाई २०२१ साली वारल्या. शेणोलीला सरकारी पगाराची गाडी लुटणाऱ्यांतील कॅप्टन भाऊ लाड २०२२ साली गेले. त्यांची मुद्रा वाणीसह उरली. ज्यांचे बोलणे कोणीच टिपले नाही, त्यांच्या घरी भिंतीवर तसबीर आहे. तिला हार घालता येतो. काही विचारता येत नाही.