कप तसा जुनाच!

मेन्स्ट्रुअल कप ही काल-परवाची टूम वाटते ना? अमेरिकन अभिनेत्री लिओना चाल्मर्स यांच्या कपचं पेटंट १९३७ सालचं आहे! रबराचा कप, धुवून पुन्हा वापरायचा. मग महायुद्धात रबराची टंचाई झाली आणि उत्पादन थांबलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी ‘टासेट’ नावानं तो परतला, पण हाताळायचा संकोच, जाहिरातीत मोकळं बोलायची चोरी.

आपल्याकडे तरी काय वेगळं? लुगड्याच्या घड्या आपल्या आज्या वर्षानुवर्षं धुवून वापरायच्याच की! फक्त वाळत घालायच्या त्या परकराखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात. दमट कापड पुन्हा अंगाला. खाज, पुरळ निमूट सोसायचं. कापडाचा दोष नव्हता हो, त्याला ऊनच मिळालं नाही. आता सिलिकॉनचा कप उकळता येतो, तर मैत्रिणी ते पातेलं कपाटात लपवतात.