रशियन भाषेची संथा

रशियाच्या सम्राटाला मराठीत आपण 'झार' म्हणतो. मूळ रशियन शब्द 'त्सार' असा आहे. त्याच्या आरंभीचा 'त्स' हा ध्वनी मराठी माणसाला परका नाही, कारण 'चाक' आणि 'चूल' या शब्दांतला दंत्य 'च' त्याच्या अगदी जवळचा आहे. हिंदी भाषकाला जो ध्वनी मुद्दाम शिकावा लागतो तो आपल्याला जन्मतः मिळालेला आहे. तरीही आपण 'झार' म्हणतो, कारण हा शब्द आपण कुणा रशियन माणसाच्या तोंडून ऐकला नाही. तो इंग्रजी पुस्तकात वाचला आणि इंग्रज जसा उच्चारतो तसा उच्चारला. 'मस्क्वा'चे 'मॉस्को' झाले ते असेच. 'ख्रुश्च्योफ' यांचे 'क्रुश्चेव्ह' झाले, तेव्हा वर्णमालेत 'ख' असूनही आपण 'क'वर समाधान मानले. ही उदाहरणे किरकोळ वाटतील. पण मराठी समाजाच्या रशियाशी असलेल्या दीर्घ संबंधाचे स्वरूप त्यांतून कळते. तो संबंध डोळ्यांचा होता. कानांचा फार थोडा, आणि तोही निकड पडली तेव्हाच.

रशियन माणूस मात्र या भूमीवर फार पूर्वी येऊन गेला. त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या आसपास चौल बंदरात उतरला, जुन्नरला त्याने पावसाळा काढला आणि पुढे बहामनी राज्याची राजधानी बीदर गाठली. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या टिपणांची भाषा रशियन आहे. पण मध्येच तुर्की, फार्सी आणि अरबी यांची सरमिसळ असलेली बाजारबोली येते. वाटेवर, बंदरांत आणि सरायांत जी कानावर पडली ती त्याने उचलली होती. त्याच्यापाशी कोश नव्हता, व्याकरण नव्हते. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली, तेव्हा सुटकेसाठी मध्यस्थ गाठावा लागला. अशा प्रसंगी उपयोगी पडते ती बोललेली भाषा.

उलट दिशेने गेलेल्यांची कथा विसाव्या शतकातली आहे. धर्मानंद कोसंबी हार्वर्डला बौद्ध ग्रंथांचे संपादन करण्यासाठी गेले, तेथे त्यांनी रशियन भाषेचा परिचय करून घेतला आणि १९२९ साली ते लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. हे उदाहरण विरळा. अण्णाभाऊ साठे यांचे वेगळे आणि अधिक बोलके. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला आणि तो कामगारवस्त्यांत गाजला. व्होल्गाकाठचे ते युद्ध हजारो मराठी माणसांनी कानांनी ऐकले, पण मराठीतून. पुढे १९६१ साली अण्णाभाऊ प्रत्यक्ष सोव्हिएत देशात जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यातून आले. मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात २०२२ साली त्यांचा पुतळा बसवण्यात आला. डफाच्या तालावर रशिया ऐकवणाऱ्या शाहिराचा हा सन्मान यथोचितच होता.

स्वातंत्र्यानंतरची चार दशके सोव्हिएत पुस्तकांची होती. मॉस्कोच्या प्रगती, मीर आणि रादुगा प्रकाशनांची देखणी, स्वस्त पुस्तके प्रदर्शनांतून आणि पुस्तकगाड्यांतून महाराष्ट्रभर पोचली. अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी रशियनमधून थेट मराठी केले, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांत मुलांच्या हातात त्या गोष्टी आल्या. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीला त्या चित्रांतले बर्फ, समोवार आणि बर्च वृक्ष अजून आठवतात. पण यांपैकी कुणालाही रशियनमध्ये 'नमस्कार' म्हणायला सांगावे. पुस्तकांनी रशिया दाखवला, ऐकवला नाही.

ऐकण्याची सोय अगदीच नव्हती असे नाही. मुंबईत पेडर रोडवरच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात रशियनचे वर्ग भरत. मॉस्को रेडिओने आपल्या इंग्रजी श्रोत्यांसाठी रशियन पाठांची मालिका चालवली होती आणि तिच्या पुस्तिकाही काढल्या होत्या. खाव्रोनिना यांचे संभाषणात्मक रशियनचे पाठ्यपुस्तक त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. अडचण होती ती भूगोलाची. डोंबिवली मुंबईच्या मुख्य स्थानकापासून सुमारे ४८ किलोमीटर, कल्याण त्याच्याही पुढे. फोर्टमधली कचेरी सुटल्यावर पेडर रोडचा वर्ग करून रात्री गर्दीच्या गाडीने घर गाठणे हे हौसेखातर वर्षभर करणारे थोडेच असणार. ज्याला हे जमत नसे त्याच्या वाट्याला पुस्तक येई, आणि पुस्तकाला उच्चार विचारता येत नाही.

निकड होती तेथे मात्र मराठी मुलखातही कानाने रशियन शिकली गेली. ठाण्याच्या अलीकडे पवईला सोव्हिएत साहाय्याने मुंबईचे आयआयटी उभे राहिले. १९५८ साली संस्था सुरू झाली तेव्हा यंत्रसामग्रीबरोबर तज्ज्ञही आले. कसाऱ्याचा घाट चढून पुढे गेले की नाशिकजवळ ओझर येते. तेथे १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना आकाराला आला. पण सर्वांत कठोर पाठशाळा होती व्लादिवस्तोकची. सोव्हिएत बनावटीच्या पाणबुड्या आणि क्षेपणास्त्र नौका चालवण्यासाठी आपल्या नौदलाचे अधिकारी आणि नौसैनिक तेथे प्रशिक्षणाला गेले, आणि यंत्र शिकण्याआधी त्यांना भाषा शिकावी लागली. १९७१ च्या डिसेंबरात कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौकांनी शत्रूला कळू नये म्हणून बिनतारी यंत्रावर आपापसांत रशियन वापरली, ही हकीकत नौदलाच्या आठवणींत वारंवार येते. ज्या भाषेत उपकरणांच्या कळा शिकलो त्याच भाषेत आज्ञा देणे त्यांना जड गेले नसावे. तेथे पुस्तक उघडून क्रियापद शोधायला कुणाला उसंत असणार?

सामान्य माणसासाठी ही उसंत आणि हा आवाज एकत्र आणले ते ध्वनिफितीने. तबकड्यांवरून भाषा शिकवणारी लिंग्वाफोन ही संस्था १९०१ पासून होती, पण तबकडीला घर लागते. १९७९ साली वॉकमन आला आणि पाठ माणसाबरोबर चालू लागला. याच सुमाराच्या थोडे आधी, १९६७ साली, पॉल पिम्स्लर या अमेरिकी भाषाशिक्षकाने स्मरणाचे एक वेळापत्रक मांडले होते. नवा शब्द ऐकल्यावर तो पाच सेकंदांनी पुन्हा आठवायला लावावा, मग पंचवीस सेकंदांनी, मग दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, तासाने, पाच तासांनी, दिवसाने, आणि असे अंतर वाढवत न्यावे. विसरण्याच्या काठावर असताना आठवले की शब्द पक्का होतो, हे त्यामागचे तत्त्व. त्याच्या नावाचे पाठ अर्ध्या तासाचे असतात. डोंबिवलीहून मुंबईला जाणाऱ्या धीम्या गाडीत असे दोन पाठ सहज होतात. आज ते फोनमध्ये आहेत, आणि कानांत इअरफोन घालून उभी असलेली एखादी मुलगी गाणी ऐकते आहे की विभक्ती, हे शेजारच्याला सांगता येणार नाही.

पद्धत अमेरिकी असली तरी तिचे तत्त्व आपल्याला अनोळखी नाही. वेदपाठशाळेत गुरू एक पद म्हणतो आणि शिष्य ते पुन्हा पुन्हा म्हणतात. याला आपण 'संथा' म्हणतो. तेथेही पोथी दुय्यम, कान प्रमुख. कारण तेथे स्वर चुकला की अर्थ फिरतो. 'इन्द्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्राला मारणारा निपजण्याऐवजी इंद्राकडून मरणारा निपजला, ही वृत्राची कथा व्याकरणाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. रशियन भाषेत आजही असेच घडते. 'ज़ामक' असा पहिल्या अक्षरावर आघात दिला तर तो किल्ला, आणि 'ज़ामोक' असा दुसऱ्यावर दिला तर कुलूप. लेखी रूप दोहोंचे एकच, आणि नेहमीच्या छपाईत आघात दाखवत नाहीत. लिहिताना 'मोलोको', बोलताना 'मलाको' (दूध). लिहिताना 'खोरोशो', बोलताना 'खराशो' (छान). आघात नसलेला 'ओ' हा 'अ'कडे झुकतो. लिहिले तसे वाचण्याची सवय असलेला मराठी वाचक येथे हमखास फसतो. 'ब्रात' म्हणजे भाऊ. शेवटचा 'त' मृदू केला की 'घेणे' हे क्रियापद होते. ही मृदुता कागदावर एका छोट्या चिन्हाने दाखवतात, पण जिभेला ती कळते ती कानावाटे.

संथेच्या या साम्याने हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. ती संथा मूठभर मुलग्यांपुरती होती. स्त्रिया आणि बहुजन तिच्या बाहेर होते. तबकडीने, फितीने आणि आता फोनने ते दार उघडले. शिकवणाऱ्या आवाजाला ऐकणाऱ्याची जात कळत नाही आणि तो शंभराव्यांदा विचारले तरी चिडत नाही. शिक्षक म्हणून आम्हांला या दुसऱ्या गुणाचा थोडा हेवाच वाटतो.

या पाठांची खरी उणीव दुसरीकडे आहे. बाजारातल्या बहुतेक रशियन पाठांची सूचनाभाषा इंग्रजी आहे, आणि त्यामुळे मराठी कानाला जे सोपे ते अवघड करून सांगितले जाते. 'म्न्ये न्रावित्सा' या रचनेत आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत कसा, हे इंग्रजी भाषकाला समजावून द्यावे लागते. आपण 'मला आवडते' म्हणतो, तेथे वेगळे काय करतो? 'उ मिन्या येस्त्य क्नीगा' म्हणजे 'माझ्यापाशी पुस्तक आहे'. येथेही 'असणे' आहे, इंग्रजीसारखे 'बाळगणे' नाही. रशियनमध्ये तीन लिंगे आहेत, मराठीतही आहेत. भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते: 'शोल, श्ला, श्लो' आणि 'गेला, गेली, गेले'. दोन्हीकडचा 'ल' वेगवेगळ्या वाटांनी आला असला तरी शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो ओळखीचा चेहरा आहे. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक रशियनला आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली तिपेडी रीतही तेथे आहे. फक्त आदराने हाक मारताना रशियन माणूस आडनाव गाळून पहिली दोन घेतो. शाळेत 'स-ला-ते' घोकलेल्या मुलाला सहा विभक्तींची भीती वाटायचे कारण नाही. तरी आपली मुले रशियनकडे इंग्रजीला वळसा घालून जातात, जसा 'झार' हा शब्द वळसा घालून आला.

हा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही. सोव्हिएत काळात, १९६० साली स्थापन झालेल्या मॉस्कोच्या मैत्री विद्यापीठासारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला आधी पूर्वतयारी विभागात भाषा शिकावी लागे, मग विषय. आज महाराष्ट्रातून रशियाला जाणारे बहुतेक विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी जातात. भारतात व्यवसाय करायचा तर अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा हवा, असा २०२१ च्या नियमावलीचा दंडक आहे, आणि तो वर्गापुरता ठीकच आहे. रुग्णालयात खाटेवर पडलेली आजी मात्र इंग्रजी बोलत नाही. तिची भाषा कळली नाही तर विद्यार्थी चार भिंतींतले वैद्यक शिकतो, माणसाचे शिकत नाही. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्याजवळ निदान तेथील भाषा होती. ती मिळवायला त्यांनी आणि गोपाळरावांनी किती कष्ट घेतले ते सर्वश्रुत आहे. आजच्या मुलांकडे विमानाचे तिकीट असते आणि भाषेचे काम पोचल्यावर पाहू म्हणून पुढे ढकललेले असते.

ध्वनिपाठ हे काम पूर्ण करणार नाहीत. तीस-चाळीस पाठांनंतर माणूस रस्ता विचारतो, चहा मागतो, वेळ सांगतो. टॉलस्टॉय वाचत नाही आणि रोगाचा इतिहास लिहून घेत नाही. त्यासाठी शिक्षक लागतात, पुस्तक लागते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात मेघा पानसरे यांनी रशियनचे अध्यापन आणि रशियनमधून मराठीत अनुवाद अशी दुहेरी कामगिरी केली आहे. ध्वनिपाठांना जोड हवी ती अशा कामाची. त्याच्या पायाशी मराठीतून समजावून देणारा एक आवाज असावा, 'चाकातला च आठवा' असे सांगणारा, एवढीच आमची अपेक्षा आहे. ते काम मराठीच्या आणि रशियनच्या अध्यापकांनी एकत्र बसून करण्याजोगे आहे आणि त्याला फार खर्चही येणार नाही.

रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न रशियनमध्ये असा आहे: 'श्तो उ वास बलीत?' लिहिताना तो 'च्तो' असा दिसतो, पण ऐकताना 'श्तो'. अर्थ, 'तुमचे काय दुखते?' आणि उत्तर येते: 'बलीत गलवा', दुखते डोके. रशियन आणि मराठी दोघींतही दुखणे हे डोक्याचे काम आहे, माणूस ते सोसतो. एवढे वाक्य ऐकून कळण्यासाठी कल्याण-डोंबिवलीच्या मुलाला इंग्रजीच्या दारात थांबण्याची गरज नाही.