चाळीस व्याख्यानांचा साचा : चेन्नईतील एका मुक्त अभ्यासक्रम-प्रकल्पाचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या विषयाचे संकेतस्थळ तयार करताना आपण आधी तयार साचा घेतो. मुखपृष्ठ, घटक, व्याख्याने, स्वाध्याय, संदर्भ असे रकाने त्यात असतात. साचा ही केवळ तांत्रिक सोय वाटते. पण रकाने ठरवताना आपण कोणासाठी लिहितो हेही ठरत असते. एनपीटीईएल, म्हणजेच 'नॅशनल प्रोग्रॅम ऑन टेक्नॉलॉजी एन्हान्स्ड लर्निंग', या प्रकल्पाचा इतिहास हे स्पष्ट करतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. दक्षिणेकडील राज्यांतही खासगी महाविद्यालये झपाट्याने वाढली. जागा वाढल्या, पण त्या प्रमाणात अनुभवी प्राध्यापक मिळाले नाहीत. या प्रश्नावर उपाय म्हणून 1999 मध्ये चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये या प्रकल्पाची कल्पना पुढे आली. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या निधीतून 2003 मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले. त्यात सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था सहभागी होत्या.

साचा कसा ठरला?

याच सुमारास अमेरिकेतील एमआयटीने 'ओपन कोर्सवेअर' सुरू केले होते. तेथे प्राध्यापकांनी आपल्याच वर्गात शिकवलेले साहित्य खुले केले. एनपीटीईएलची वाट वेगळी होती. येथे अभ्यासक्रमाचा आधार होता अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा नमुना अभ्यासक्रम आणि मोठ्या संलग्नक विद्यापीठांचे अभ्यासक्रम. म्हणजे शिकवणारे आयआयटीचे, पण आराखडा बाहेरच्या विद्यार्थ्याच्या परीक्षेचा.

एका दृक्‌-श्राव्य अभ्यासक्रमात साधारणपणे एकेक तासाची चाळीस किंवा अधिक व्याख्याने असत. आठवड्याला तीन तासिका आणि चौदा आठवड्यांचे सत्र धरले, तर 42 तासिका होतात. त्यामुळे हा अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या वेळापत्रकात सहज बसे. व्याख्यानांशिवाय लिखित स्वरूपातील वेब-अभ्यासक्रमही तयार झाले. पहिल्या टप्प्यात असे एकूण 239 अभ्यासक्रम झाले. आठ संस्थांतील अनेक प्राध्यापकांचे काम एकत्र आणायचे, तर समान साचा आवश्यकच होता.

साच्याच्या मर्यादा

पहिली मर्यादा जोडणीची. भारताच्या 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने 256 केबीपीएस वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटले होते. एवढ्या वेगावर तासाभराचे चित्रण पाहणे जिकिरीचे होते. म्हणून हार्ड डिस्कवर प्रती करून त्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचवल्या गेल्या.

दुसरी मर्यादा मूल्यमापनाची. व्याख्यान ऐकणाऱ्याला ते समजले की नाही, हे तपासण्याची सोय सुरुवातीला नव्हती. 2014 पासून प्रमाणपत्र अभ्यासक्रम आले. त्यांत साप्ताहिक स्वाध्यायांना 25 टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75 टक्के भार असतो.

तिसरी आणि सर्वांत खोल मर्यादा भाषेची. व्याख्याने इंग्रजीत होती. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला आयआयटीचा वर्ग खुला झाला, पण भाषेचा उंबरठा तसाच राहिला. पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत भाषांतरे येऊ लागली. तरीही मूळ व्याख्यान मराठीत रचणे आणि इंग्रजी व्याख्यानाचे भाषांतर करणे यांत फरक आहे. उदाहरणे, प्रश्न आणि मांडणीचा क्रम मूळ भाषेतच ठरलेला असतो.

समारोप

एनपीटीईएलचे यश विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमापासून सुरुवात करण्यात होते. जे रकाने सुरुवातीला ठेवले नव्हते, ते नंतर जोडायला दशकभराचा काळ लागला. म्हणून आपल्या विषयाचे पान तयार करताना साचा भरण्याआधी तो वाचावा, आणि त्यात कोणाची जागा राहून गेली आहे हे पाहावे.

विचारासाठी प्रश्न

1. एमआयटी आणि एनपीटीईएल यांच्या आराखड्यांतील मूलभूत फरक कोणता?
2. आपल्या विषयाचे संकेतस्थळ मुळातच मराठीत रचायचे ठरवल्यास साच्यात कोणते बदल करावे लागतील?